रुमालाखालचा भाव

जऊळका, ३ फेब्रुवारी २०२५

सुकेशनीताईले सप्रेम जय भीम. इकडं आमी ठीक, तुहं पुन्यातलं कळव.

फोनवर मी थापा मारतो म्हनून तू कागदावर लिवाले लावलं. घे मंग! तुह्या ऑफिसचा रोबो पोचला. गोड आवाजात म्हने, आजोबा औषध घ्या. आबायनं त्यालेच इचारलं, तू कोन्या गावचा बे? अन् गोयी थुकली.

चाळीस वर्सं बैलाची दलाली केली आबायनं, पन बाजार बंद पडला हे त्यायच्या ध्यानातच राहत नाई. रोज सकाळी बाजारात निंगतात. परवा रेल्वेच्या रुळावर सापडले. बाबा म्हनतात, हे असंच चाललं त वीस तारखेले वृद्धाश्रमात सोडतो. मी सोडू देनार नाई! म्हनून रोबोले फेटा बांधला अन् आबायले सांगितलं, कारंज्याचे शेठ बैल घ्याले आले.

तुहा उपद्व्यापी,
पवन


पुणे, ८ फेब्रुवारी

पवन्या, जय भीम.

बिमार माणसाले फसवतं का कोणी? आम्ही वर्षभर डोकं खपवून रोबोले बोलणं शिकवलं अन् तू त्याले फेटा बांधला! पण खरं सांग, आबा बसले का त्याच्याजवळ? त्याचा हात दाबला की तोही दाबतो, तेवढं करून पाहा. चार्जिंग विसरू नको. मी हात जोडते.

तुझ्यावर चिडलेली तरी तुझीच,
ताई


जऊळका, २१ फेब्रुवारी

ताई, जय भीम.

बसले वं! आबायनं शेठच्या हातावर खांद्यावरचा रुमाल टाकला अन् खालून बोटं दाबली. बैलाचा भाव असाच करत होते ना ते, कोनाले दिसू न देता. शेठनंबी दाबली. घंटाभर सौदा! मी म्हनलं, गोयी घेतल्याबिगर शेठ पुढं बोलत नाई. गेली गोयी पोटात. मंग रोज असंच. बाजाराचं नावच नाई.

पन बाबाले पटे ना. काल भाड्याची जीप घेऊन आले. मी म्हनलं, एकडाव पाहा त. अन् ऐन टायमाले शेठची बॅटरी खतम. चार्जिंग मीच इसरलो. आबा दाबून राह्यले, शेठ गप. आबा बाजारासाठी चपला हुडकाले उठले.

त बाबाच खाली बसले अन् रुमालात हात घातला. दलालाचं पोर, बोटं इसरते का? आबा परत बसले. लय वेळ दोघायची बोटं चालली. मंग आबायनं गोयी घेतली. बाबायनं जीप वापस धाडली.

शेठले इथंच राहू दे, तुह्या सायबाले सांग. दिवसा शेठ, संध्याकाळी बाबा, चार्जिंगले मी. सौदा कितीत जमला, असं मी बाबाले इचारलं. त म्हने, रुमालाखालचा भाव सांगत नसतात.

माया अशीच राहू दे, शिव्या थोड्या कमी कर.

तुहा,
पवन