पाणी आलं

ॲन आर्बर, नोव्हेंबर २००४

ती. आई,
इथूनच वाकून नमस्कार.

घरातल्या हीटिंगला नवा बॉयलर बसला, आता माझ्या थंडीची काळजी करू नकोस. बॉयलरचं गरम पाणी बंद पाइपांतून खोल्याखोल्यांत फिरतं. एकदा भरलं की वर्षानुवर्षं तेच.

भरल्यावर प्लंबरनं खोलीतल्या जुन्याच लोखंडी रेडिएटरमधली हवा सोडली. सोलापूरला नळाला पाणी यायच्या आधी होते तश्शी फुसफुस झाली, आणि मी "पाणी आलं" असं ओरडत बादली, पातेली घेऊन धावले. आलं वाटीभर, काळं. तुझा जावई अजून हसतोय.

मी मात्र जिन्यात बसून राहिले. तुझ्या त्या पहाटेच्या हाकेवर किती चिडायचे मी.

गुडघा कसा आहे? भरलेली कळशी उचलू नकोस. पाणी आलं की हल्ली हाक कुणाला मारतेस?

तुझी,
रेणू