सरकीत पुरलेली खिरापत

माय, तुझा आवाज आता माझ्या कॉम्प्युटरमध्ये राहायला आला आहे, आणि तो कोणत्या प्लेयरवर लावायचा यावरून आमच्या अमरावतीच्या घरात आठवडाभर महाभारत चालू होतं. प्लेयर म्हणजे कॉम्प्युटरवर गाणी वाजवायचा प्रोग्रॅम. ढिगाने मिळतात, बहुतेक फुकट, आणि प्रत्येकाचे भक्त असे की दुसऱ्याचं नाव काढलं तर अंगावर येतील. मी हे पुस्तकी मराठीत लिहितेय याचं तुला हसू येत असणार. "काहून वं, मास्तरीन झाली म्हणून मायशीबी शायेतलं बोलतं का?" असं विचारलंच असतंस तू. काय करू? इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, हातात पेन आलं की हीच भाषा येते. पण आवाज तुझा आहे, तो मात्र जसाच्या तसा बाळापूरचा आहे, आणि तो तसाच राहावा एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

ती संध्याकाळ तुला आठवत असेल. भुलाबाईचे दिवस होते. गल्लीतल्या आम्ही पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणायचो, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आमच्या कानाशी हलवायची. आत कोणती खिरापत आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचं. नाही ओळखता आलं तर "हारलो" म्हणायचं, मगच डबा उघडायचा. त्या काही वर्षांत पऱ्हाटीने, कपाशीच्या पिकाने, सगळ्यांनाच दगा दिला होता. एरवी ज्या घरांत बेसनाचे लाडू असायचे तिथे फुटाणे आले, जिथे फुटाणे असायचे तिथे मुरमुरे आले. पण एक गंमत झाली, ती मला फार उशिरा लक्षात आली. खाऊ जसजसा साधा होत गेला तसतसं गल्लीतल्या बायांनी तो ओळखणं अवघड करून टाकलं. कुणी डब्यात चमचा टाकायची, कुणी दोन डबे एकात एक घालायची. तू सगळ्यांच्या वरताण निघालीस. म्हशीला घालायची सरकी तू त्या कडीच्या डब्यात भरलीस आणि खिरापत तिच्यात पुरलीस. सरकीला कापसाची लव चिकटलेली असते, ती काही वाजू देत नाही. डबा हलवला की आतून नुसतं खसखस. कापूस पिकवणाऱ्या घरच्या पोरींना तू कापसाच्याच बीने फसवलंस.

नेमकं त्याच दिवशी समोरचे घड्याळवाले चाचा त्यांचा टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. भुलाबाईची गाणी त्यांना फार आवडायची. नवी कॅसेट मिळाली नाही म्हणून त्यांनी स्वतःची कव्वालीची कॅसेट आणली होती. टेपमध्ये सुरुवातीलाच त्यांचा आवाज आहे, "भाभी, लाल बटन दबाऊं क्या?" आणि तू म्हणतेस, "दाबा नं, मले काय विचारता, मशीन तुमची हाये." मग गाणी, आमच्या बेसूर गळ्यांतून, एकीच्या पुढे एक पळत. मग डबा. शेंगदाणे, रेवड्या, चिवडा, खोबरं, सगळ्या पोरी एकामागून एक चुकल्या आणि "हारलो" म्हणून मोकळ्या झाल्या. मी राहिले. मी म्हटलं, "फुटाणे." तू म्हणालीस, "चुकली!" थोडा वेळ गलका, आणि मग तू विचारलंस, "हारली का?" त्याच वेळी गल्लीतली लाइट गेली. टेपमध्ये ते जसं झालं तसं उतरलं आहे. "हारली" नीट आहे, आणि "का" बारीक होत होत, शिट्टी वाजवल्यासारखा वर चढत जातो. त्याच्या मागोमाग खट्ट, आणि चाचांची न पुसलेली कव्वाली मधूनच सुरू होते.

पुढचं टेपमध्ये नाही, पण मला पाठ आहे. तू अंधारातच डबा उघडलास आणि हारलेल्या पोरींच्या हातावर काहीतरी ठेवलंस. मला नाही. "तू नाई नं हारली? मंग तुले कायची खिरापत?" मी तोंड फुगवून ओसरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी गल्लीत विचारलं तर एक म्हणाली करंजी, एक म्हणाली गुळाचा खडा, तिसरी म्हणाली शपथ घातली आहे. त्यांना तूच पढवलं होतंस हे मला तेव्हाच कळलं. आपली धाकटी आजही शप्पथ घेऊन करंजीच सांगते, पण माझी ही बहीण तेव्हा कडेवरची होती, तिच्या साक्षीला काय अर्थ! त्यानंतर तो तुझा-माझा खेळच झाला. मी शिकायला अमरावतीला आले, सुटीत घरी गेले की पाणी द्यायच्या आधी तू विचारायचीस, "हारली का?" मी एक नवीन नाव घ्यायची. "चुकली," म्हणून तू चहा टाकायला वळायचीस. अकोल्याच्या दवाखान्यातसुद्धा, नळ्या लावलेल्या असताना, तू तेच विचारलंस. मी म्हटलं, "नाही." तू इतकी खूश झालीस की नर्सने येऊन दोघींना दटावलं. मला त्या वेळी विचारता आलं असतं. विचारलं नाही याचं वाईट वाटत नाही, माय. तो चेहरा बघायला मिळाला.

चाचांनी ती कॅसेट मला देऊन टाकली, कव्वालीसकट. मधे एकदा एका दुकानातून मी तिची एमपीथ्री करून घेतली होती. त्या माणसाने मोठ्या प्रेमाने खरखर काढून टाकली, शेवटची कव्वालीही कापली, आणि फाईल छोटी केली. एमपीथ्रीत आवाज लहान करताना कॉम्प्युटर स्वतःच ठरवतो की हे माणसाच्या कानाला कळणार नाही, हे टाकून देऊ. तुला समजेल असं सांगते. लुगडं कापून बाळाची कुंची शिवली की ती लहान होते, पण त्या कुंचीचं पुन्हा लुगडं होत नाही. लॉसलेस फाईल म्हणजे लुगड्याची घडी. ट्रंकेत मावते, आणि उलगडली की एक धागा कमी नसतो. यंदा धाकटीने अकोल्याहून फोन केला, "ताई, मले ते करून दे ज्याच्यात मायचा आवाज कमी नाई होत." तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती. तुझा चेहरा तिला फोटोत सापडतो, आवाज या एका कॅसेटशिवाय कुठे नाही. म्हणून तुझ्या जावयाने एक जुना टेप डेक मिळवला, कॉम्प्युटरला जोडला, आणि खरखरीसकट, कव्वालीसकट, अख्खी कॅसेट लॉसलेसमध्ये उतरवली, तुझ्या "का"पर्यंत एक फाईल आणि पुढची कव्वाली दुसरी. तू त्याला पाहिलं नाहीस. विजेच्या ऑफिसात आहे, वायरींचा नाद आहे, आणि माझ्यासारख्या हट्टी बाईशी वाद घालायची त्याला हौस आहे. तुझं त्याच्याशी छान जमलं असतं, माझ्याविरुद्ध.

आता प्लेयर. पहिला होता तो दिसायला नवरीसारखा, आवाजाबरोबर रंगीत पट्ट्या नाचतात. लावला तर काय, तुझा "का" बारीक व्हायला लागला की त्याच्या अंगावर पुढच्या फाईलमधली कव्वाली चढली! त्या शहाण्याला दोन गाण्यांच्या मधली शांतता खपत नव्हती. ती सोय बंद करता येते, जावयाने केलीही, पण माझं मन उडालं ते उडालंच. दुसरा साधा होता, जुना, गुणी, फाईलला हात न लावणारा. पण त्याला मराठी वाचता येईना. मी फाईलला नाव दिलं होतं "माय", तर तिथे नुसते चौकोन. जावई म्हणाला, "इंग्रजीत लिही नं." मी म्हटलं, माझ्या आईचं नाव मी चौकोनातही वाचणार नाही आणि इंग्रजीतही. तिसरा राखाडी, शेतातल्या पंपघरासारखा ओबडधोबड. ना पट्ट्या ना चित्रं. पण "माय" नीट लिहितो, एक संपल्याशिवाय दुसरं लावत नाही, आणि स्वतःची अक्कल मधे घालत नाही. मी म्हटलं हाच, आणि शिवाय याचा आवाजही जास्त खरा आहे, तिघांत फरक सरळ कळतो.

"कळतो?" जावई म्हणाला. "डोये मीट." त्याने मला पोळपाटासमोरच पाठमोरी बसवलं, कानाला हेडफोन लावला, आणि तीनही प्लेयरवर गाण्याचा तोच तुकडा आलटून पालटून वाजवला. "सांग, कोनता?" मी छातीठोकपणे म्हटलं, तिसरा. "चुकली!" पुन्हा वाजवलं. पहिला? "चुकली!" विज्ञानाची बाई आहे मी, मुलांना रोज सांगते की फाईल तीच, प्लेयरने काही ढवळाढवळ केली नाही तर आवाजही तोच येणार. तरी हातात कणीक घेऊन मी हट्टाने ओळखत बसले होते, आणि तो अगदी तुझ्यासारखा, शेवटचं अक्षर उचलून, "चुकली" म्हणत होता. त्याला या खेळाचं मी कधी सांगितलंही नव्हतं. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, तर तो घाबरून म्हणाला, "अवं, हरली तं हरली, रडतं काहून?" मग त्याला सगळं सांगितलं. पोळ्या त्या दिवशी उशिरा झाल्या. प्लेयर तिसराच ठेवला, का ते आता दोघांनाही माहीत आहे. त्याला तुझं नाव लिहिता येतं.

रविवारी धाकटी आली. जेवणं झाल्यावर दुपारी आम्ही दोघी खोलीत बसलो, मी राखाडी खिडकी उघडली, "माय" वर बोट ठेवलं. आठवडाभर मी नुसते सुरुवातीचे आणि शेवटचे तुकडे लावून बघत होते, अख्खं ऐकायचं धाकटीसाठी राखून ठेवलं होतं. चाचा बोलले, तू बोललीस, आम्ही बेसूर गायलो. माझे "फुटाणे" आले, तुझं "चुकली" आलं. आणि मग तो गलका, जो दुकानदाराने खरखर म्हणून पुसून टाकला होता आणि टेपरेकॉर्डरच्या फुटक्या स्पीकरमधून आम्हाला आयुष्यात कधी ऐकू आला नव्हता. त्याच्या आत, लांब, ओसरीवरून, बाबा बोलतात. "सांगून दे नं तिले. रडन ते." आणि तू, डबा छातीशी धरून असशील बहुधा, हळू आवाजात म्हणतेस, "रडत नाई ते. माही पोरगी हारत नाई." मग मोठ्याने, माझ्याकडे वळून, "हारली का?" आणि लाइट गेली.

धाकटीने ते पुन्हा लावायला लावलं, पुन्हा लावायला लावलं. "बाबाबी हायेत, ताई," एवढंच ती म्हणत राहिली. मग तिने डोळे पुसले, चहा मागितला, आणि खिरापत करंजीच होती असं पुन्हा एकदा ठासून सांगितलं. संध्याकाळच्या गाडीने ती फाईल पर्समध्ये घालून अकोल्याला गेली. जाताना तिने तिचा प्लेयर कोणता ठेवायचा ते विचारलं, मी राखाडी सांगितला, ती म्हणाली किती वाईट दिसतो. तिला पहिलाच आवडला.

आता एक कबूल करते. मी हे पत्र "मी हारले" असं लिहायला बसले होते. धाकटी गेल्यावर घर शांत झालं, आणि मला वाटलं, बास झालं, आता एवढं वय झालं, आईपुढे हारायला कसली लाज! तू कुठेतरी डबा उघडशील. पण तुझं ते बाबांना सांगितलेलं वाक्य ऐकून बसल्यावर तो शब्द लिहवत नाही. त्यामुळे हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच उरला नाही, याच फाईलशेजारी ठेवून देते. आणखी एक. आज सकाळी मी एकटीने नुसता डब्याचा आवाज ऐकला, कितीतरी वेळा. सरकी खसखसते, आणि ती थांबल्यावर अगदी तळाशी काहीतरी जड, लांबट, एकमेकांवर सरकून बसतं. एमपीथ्रीत ते नव्हतं. थांब, वळू नकोस चहाला.

खारका?