तानबांचा सांधा गळत नव्हता

मी, हरिहर गोविंद पांढरीपांडे, वय ५४, संस्कृत शिक्षक, राहणार वर्धा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नी सौ. शकुंतलाबाई यांचे मत वेगळे आहे. पण ते चोवीस वर्षांपूर्वीचे असल्याने नवा पुरावा धरू नये.

१. राहते घर व पोस्टातील शिल्लक शकुंतलाबाईंना. माझ्या प्रयोगाच्या काचेच्या नळीला त्या 'सवत' म्हणत, तरी तिची धूळ त्यांनीच पुसली. मी ऋणी आहे.

२. पोथ्या सहशिक्षक मधुकररावांना. वाचायला म्हणून नेलेल्या सात आता अधिकृतपणे त्यांच्या.

३. नळी, तिला वीज पुरवणारे तारेचे वेटोळे व तिच्यातली हवा उपसणारा हातपंप तानबा नगराळे यांना. ते स्टोव्ह व पंप दुरुस्त करतात. कारण सांगणे भाग आहे.

नळीतील विरळ वायू उजळला की त्यातून इलेक्ट्रॉनांची शलाका सरळ रेघेसारखी जाई. प्रवाह वाढवला की अर्ध्या वाटेत थरथरे, फिसकटे. मी निदान केले : पंपाचा सांधा गळतो, हवा आत शिरते. सांधा तानबांनी केलेला. भर बाजारात मी त्यांना 'गळका कारागीर' म्हटले. चार वर्षे लोक त्यांच्याकडे पंप नेईनात.

परवाच्या दिवाळीत भाची नलू नागपूरहून आली. ती पदार्थविज्ञान शिकते. तिने प्रवाह कमी केला, शलाका सरळ झाली. वाढवला, पुन्हा तिथेच फिसकटली.

"मामा, शिरलेली हवा आपणहून परत गेली का?"

शलाकेची बारीक थरथर वायूला हलवते, हललेला वायू शलाकेला अधिक हलवतो, आणि प्रवाह वाढला की ही वाढ शलाकेच्याच वेगावर पोसते, असे तिने समजावले. मी वर्गात हेत्वाभास, म्हणजे खरे भासणारे खोटे कारण, शिकवतो. घरातला ओळखला नाही.

मी तानबांच्या दुकानी गेलो.

"चार वर्सं लागले, मास्तर?"

"शास्त्राला वेळ लागतो."

"शास्त्राले नाई, तुमाले." चहा मात्र त्यांनीच पाजला.

४. वरील मजकूर ऐकून तानबा म्हणाले, "नळी घेऊन मी का करू? नलूबाईले द्या. ज्याले माल भेटते त्याले साक्षीची सही करता येत नाई म्हन्तेत ना?"

"नाही येत."

"मंग मले सहीच करू द्या. माह्या सांध्याची गोष्ट आहे."

सबब कलम ३ मधील वस्तू नलूला. तानबांना केवळ ही कबुली. ती माझ्या मृत्यूची वाट न पाहता येत्या आठवडी बाजारात मोठ्याने वाचली जावी. वाचणारा मीच.

वर्धा, दि. १२ जानेवारी १९५८
(सही) ह. गो. पांढरीपांडे

साक्षीदार :
१. तानबा उरकुडा नगराळे
२. अण्णाजी ठोंबरे, शेजारी