दोन सीटचा मुराळी

ढोकी
ता. २ जुलै २०२५

ती. सौ. तारामती आक्कास, धाकटा भाऊ वैजनाथ याचा सा. न. वि. वि.

आमी इथं खुशाल. दोन वर्षं झाली, माझं नाव दिसलं की तू फोन उचलत न्हाईस, म्हणून पूर्वीसारखं पत्र लिहितोय. फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच, बातमी मोठी आहे.

मे महिन्यात साखर कारखान्यातनं रिटायर झालो आणि म्या गाडी घेतली. पुण्याच्या एका डॉक्टरनं आठ वर्षं वापरलेली, लाल, स्पोर्ट्स कार! आक्का, काय गाडी आहे! बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यागत. आधी बूड टाकायचं, मग एकेक पाय आत ओढायचा. उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. तेर गावच्या रस्त्याला शेजारनं टमटम गेली तर तिचं चाक माझ्या कानाशी. पण चालू केली की छातीत धडधडतं. अडतीस वर्षं उसाच्या मिलमध्ये फिटरकी केली, पण असा आवाज ऐकला न्हाय.

पूजेला जरा गडबड झाली. ट्रॅक्टरला ठेवतो तसा तुझ्या भावजयीनं, दैवशालानं, चाकापुढं नारळ ठेवला. ह्या गाडीचं तोंड जमिनीपासून चार बोटं वर, हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय. म्या जोशात गाडी पुढं घेतली. नारळ शाबूत राहिला, बंपर फुटला. सध्या तार बांधलीय.

मुद्दा असा, की यंदा नागपंचमीला तुला माहेरी न्यायला मुराळी म्हणून मी सवता येतो. नाही म्हणू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझ्या रागाला भिऊन असलेला,
वैजनाथ


भूम
ता. ९ जुलै २०२५

चि. वैजनाथ यास, तारामतीचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद रागातही द्यावे लागतात म्हणून.)

पत्र फाडलं न्हाय. ह्यांना दोनदा वाचून दाखवलं, नारळाच्या जागी हे इतकं हसले की ठसका लागला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला लाल गाडी! लाज वाटत न्हाय व्हय रे?

आता माझं ऐक. दोन वर्षांमागं पंचमीला मी नवा चुडा भरून, पिशवी भरून सकाळपासनं उंबऱ्यात बसले होते. गल्लीभर सांगून ठेवलं होतं, माझा भाऊ न्यायला येतोय. आली काय, तर भाड्याची जीप! ड्रायव्हरच्या तोंडात गुटखा, हातात चिठ्ठी, आणि विचारतो, तारामतीबाई कोण, म्हणून. पार्सल न्यायला आला होता जणू. शेजारची शिवकन्या तोंडाला पदर लावून हसली. मी जीप रिकामी परत धाडली आणि आत जाऊन रडले. मागच्या वर्षी तू फिरकलाच न्हाईस. पंचमीला पोरी झोके घेत होत्या अन् मी ज्वारी निवडत बसले होते.

आणि तुझ्या गाडीला सीटा दोनच, असं तुझ्या पोरानं ह्यांना फोनवर सांगितलं. मग तुझ्या दाजींना काय डिकीत घालणार? वर नव्या गाडीची पूजा बहिणीनं करायची असते, तेही विसरलास. नारळानं बरोबर केलं. मी येणार न्हाय.

तुझं भलंच चिंतणारी,
आक्का


ढोकी
ता. १६ जुलै २०२५

ती. सौ. आक्कांना, दैवशालाचा पदर पसरून नमस्कार. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते. तुमचं पत्र आल्यापासनं ह्यांचं जेवणात ध्यान न्हाय. उत्तर लिहायला बसतात आणि चार ओळी झाल्या की कागद चुरगाळतात. तुम्हांला ठाव आहे, ह्यांना इंजिन खोलता येतं, मन न्हाय.

आक्का, माझी अवस्था ऐका. गाडी येऊन महिना झाला, पण मला अजून तिच्यात बसू दिलेलं न्हाय. दुसऱ्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरलाय. पहिली आक्का बसणार, म्हणतात. परवा बाजाराहून येताना मी रस्त्यानं चालत आणि हे गाडीत, माझ्या चालीनं, शेजारनं. मी काकुळतीला आल्यावर भाजीची पिशवी मात्र घेतली, तीही मांडीवर. सगळी ढोकी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिडून विचारलं, की चार सीटची का न्हाय घेतली? तर म्हणाले, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला आक्काला सायकलवर आणलं, तेव्हा तिसरं कोण होतं? मोठी गाडी घेतली की कुणीतरी म्हणणार, पोराला पाठवा, ड्रायव्हर पाठवा. ह्या गाडीत मीच जाणार आणि तीच येणार.

आणखी एक सांगते, मग मला काय बोलायचं ते बोला. त्या वर्षी पंचमीला कारखान्याची मिल दुरुस्तीसाठी खोलून पडली होती, ह्यांना रजा मिळेना. हे बिनरजेचेच निघाले होते. मीच अडवलं. जीप पाठवायची अक्कल माझी. दोन वर्षं ह्यांनी माझं नाव तुमच्याकडं घेतलं न्हाय. मीही गप्प बसले, हे मनाला लई लागतं.

तुम्ही आला न्हाईत तर ती सीट अशीच राहील. माझी चूक पोटात घाला.

तुमच्या पायाशी बसणारी,
दैवशाला


भूम
ता. २१ जुलै २०२५

चि. वैजनाथ, आशीर्वाद.

पंचमीच्या आदल्या दिवशी, २८ तारखेला, सकाळी आठला ये. दारात हॉर्न वाजवायचा न्हाय. उतरून आत यायचं, चहा घ्यायचा, दाजींना विचारून मग न्यायचं. दाजी डिकीत यायला तयार होते, मीच नको म्हणाले. कुंकू मी आणते. नारळ आणणार न्हाय.

आक्का


भूम
ता. ५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दैवशालास, तारामतीचे पोटभर आशीर्वाद.

मी पोचले, यष्टीनं, सुखरूप. तिथं असताना त्याच्यासमोर बोलता आलं न्हाय म्हणून लिहिते.

बाई गं, काय ती गाडी! मला आत बसवायला शिवकन्या आणि हे, दोघं लागले. मी शिवकन्येकडं बघून हात हलवला, ते मात्र झकास झालं. पण हायवेला लागल्यावर तुझा नवरा जो सुटला! मी डोळे मिटून येडाई देवीचा धावा सुरू केला. इतकं बोलायचं मनात धरलं होतं, आवाजात एक अक्षर बोलता आलं न्हाय.

येरमाळ्याजवळ गतिरोधकावर गाडी पोटावर आपटली आणि ऑइल गळायला लागलं. वैजनाथनं वाकून बघितलं, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला म्हणाला, आक्का, या वेळीही मी तुला नीट नेऊ शकलो न्हाय. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं गं.

तेवढ्यात तुमच्या गल्लीतला शंभुलिंग ट्रॅक्टर घेऊन ढोकीला निघालेला भेटला. त्यानं रस्सीनं गाडी बांधली. मला ट्रॅक्टरवर बस म्हणत होते, मी सीट सोडली न्हाय.

मग ढोकीपर्यंत तीन तास, बैलगाडीच्या चालीनं. गाडीचा आवाज न्हाय, धक्का न्हाय. आधी मी तासभर त्याला शिव्या घातल्या. मग तो बोलला. मग आमी आईच्या हातच्या पुरणाच्या दिंडांवर बोललो, सायकल ओढ्यात घातली होती त्यावर हसलो. ढोकी आली तेव्हा मला वाटलं, आणखी दहा मैल असती तर बरं झालं असतं. जिपेचं तू मनातनं काढून टाक, मी केव्हाच काढलंय.

गाडी दुरुस्त झाली, असा त्याचा फोन आला, मी पहिल्या घंटीला उचलला. आता टॉवेल काढून ती सीट तुझी. बाजाराला ऐटीत जा. फक्त पुढच्या पंचमीला तो मला न्यायला निघंल, तेव्हा शंभुलिंगला आधी सांगून ठेव, म्हणावं रस्सी घेऊन येरमाळ्यात थांब.

दोघांवर सारखीच माया असलेली,
आक्का