न बोलता वाढवलेली पिल्लं

प्रिय बडबडे,

ऑपरेशननंतर वाचताना डोळ्याला त्रास होतो, असं तुझी सून फोनवर म्हणाली. म्हणून हे पत्र तिच्याकडून वाचून घे, आणि कृपा करून मध्ये मध्ये बोलू नकोस.

उबवणी केंद्रात तुझी खुंटी अजून रिकामीच आहे. कोणी सांगितलेलं नसतानाही नवी मुलगी तिच्यावर आपला झगा अडकवत नाही. तुझ्यासारख्या बाईने गप्प बसायची नोकरी धरली, म्हणून तुझ्या घरच्यांनी पैजा लावल्या होत्या, आठवतं? अंगभर पांढरा झगा, तोंडावर जाळी, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली. तिच्या चोचीतून तू पिल्लाला पहिला किडा भरवलास आणि जाळीआड मुसमुसत राहिलीस. पिल्लांना चेहरा दिसता कामा नये, आवाज ऐकू येता कामा नये. माणसाचा लळा लागलेला पक्षी बंदूकवाल्याच्याही जवळ जाऊन उभा राहतो, हे साहेबांनी आपल्याकडून घोकूनच घेतलं होतं. तू दिवसभराचं बोलणं साठवायचीस आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की सुटायचीस. माझे कान किटायचे. आता तोच रस्ता खायला उठतो.

यंदा चार पिल्लं जगली. त्यातलं एक भारी आगाऊ, किडा सोडून झग्याची बाहीच ओढतं. परवा चौघांनीही पंख पसरून पिंजराभर उड्या घेतल्या. आनंदाने ओरडावंसं वाटलं गं, ओठ चावून उभी राहिले.

पण त्यांना सोडायचं कुठे? आपली पाणथळ जागा गेली. भरावाविरुद्धची आपली शेवटची हरकतही फेटाळली गेली आणि लगेच भरावाचे ट्रक आले. तिथे गोदामं होणार आहेत. मी बघून आले. आपण पक्षी सोडायचो त्या लव्हाळ्यावर आता मातीचा ढीग आहे आणि ढिगावर पहारेकऱ्याची खुर्ची. मागे सोडलेली जोडी काही दिवस वर घिरट्या घालत होती म्हणे, मग दिसेनाशी झाली. दुसरी जागा शोधून शोधून थकलो. जिथे पाणी उरलंय तिथे वस्ती झाली आहे. इतकी वर्षं आपण पोटच्या पोरांसारखी पिल्लं वाढवली, पण त्यांचं घर काही राखता आलं नाही. फार रडू येतं.

चौघं आता प्राणिसंग्रहालयात जाणार. तिथे दिवसभर माणसं आणि पोरांचा गलका. माणसाला भिणारा पक्षी तिथे जाळीवर धडका घेऊन मरतो. म्हणून सोमवारपासून झगा काढून, उघड्या चेहऱ्याने आत जायचं आणि त्यांच्याशी बोलत राहायचं, असं साहेबांनी सांगितलंय. त्यांचं चुकत नाही. पण माझी जीभच उचलत नाही. जी भीती त्यांना रानात जगवणार होती ती मीच घातली, आणि आता मीच ती मोडायची. म्हणून तुला बोलावते आहे. तू ये. बोलायचं काम तू कर, हवं तेवढं बोल, आता कोणी अडवणार नाही. आणि मी आत पाऊल टाकल्यावर, माझ्याच हातची पिल्लं माझा चेहरा पाहून घाबरून कोपऱ्यात पळतील, तेव्हा माझ्या शेजारी तू हवी आहेस.

तुझीच,
मुकी