साडेबाराचे नाटक

८ डिसेंबर, वडसा
बुकिंग ऑफिसात बसून लिहितो आहे. नाटक कंपनीच्या तारखा यंदा पहिल्यांदा मी बनवलेल्या प्रोग्रॅमवर आहेत. सकाळी एका गावाच्या मंडळाचा फोन आला, पंधराच्या रात्री गाडी किती वाजता पोचेल? स्क्रीनवर ते गाव चौदाला. पंधराला दुसरेच गाव.
मालक हिरामणभाऊ नोंदी करणाऱ्या संगीताबाईंना सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, चष्मा बदला आता." सगळे हसले. मीही.

९ डिसें.
सापडले. बाईंची नोंद बरोबर आहे. पंधरा तारीख, रात्री साडेबारा. त्या गावात आधी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची बक्षिसे, मग भाषणे. पडदा उशिराच उघडतो. आपल्याकडे ज्या दिवशी सूर्य मावळला त्या दिवसाची ती रात्र, नाटक संपेपर्यंत. कॉम्प्युटरचा दिवस बाराला बदलतो. त्याच्या हिशेबी पंधराचे साडेबारा म्हणजे चौदाची रात्र. म्हणून चौदा अडली, पंधरा मोकळी दिसली, आणि बाईंनी ती सिंदेवाहीकडच्या गावाला दिली.
लहानपणापासून पहाटेपर्यंत बसून नाटके पाहिली. आणि हे मलाच सुचू नये.
चाचण्या घेतल्या होत्या. सगळ्या रात्री दहाच्या. आपण आपल्या प्रोग्रॅमला सोपेच प्रश्न विचारतो.
एआयने लिहून दिलेला कोड पुन्हा वाचला. स्वच्छ आहे. रात्र कोणत्या दिवसाची हे त्याला मी सांगितलेच नव्हते.

१० डिसें.
चहाच्या वेळी बाई हळूच म्हणाल्या, "मले काढून टाकतीन का रे बाबू? मी तं सांगतलं तसंच लिवलं." मी मान खाली घालून बशी पुसत राहिलो.
कोडचा प्रत्येक बदल गिटमध्ये राहतो, कोणी केला, कधी केला. नोंदींचे तसे काही मी ठेवलेले नाही. बाईंच्या नोंदीत पंधराची गुपचूप चौदा केली तर चूक त्यांचीच दिसेल, कोणाला कळणार नाही. तशी ओळ टाइपही केली होती. एंटर दाबला नाही. पुसली.
यापुढे नोंदींचाही इतिहास ठेवायचा. माझ्यासारख्यांसाठीच तो लागतो.
जेवण गेले नाही.

११ डिसें.
सकाळी बाईंसमोरच भाऊंना सांगितले. भाऊंनी स्क्रीनवरच्या चौदावर बोट ठेवले.
"म्हंजे चौदा खाली हाय?"
हो म्हणालो.
"मंग सिंदेवाहीकडच्यायले चौदाले करा म्हणू. पण तू चाल संगं. हे साडेबाराचं मले समजावता येत नाई."
बाई म्हणाल्या, "जेवून जाय. तिथी तुले चहा कोणी पाजत नाई."

दुपार, सिंदेवाहीच्या पुढे.
गावात शिरतानाच पोस्टर दिसले, ठळक पंधरा. मांडव उभा होतो आहे. लेकी-जावयांना निरोप गेलेत, दोन घरी सोयरिकीची बोलणीही त्याच दिवशी ठरलीत, असे पानठेल्यावर कळले. चौदाला हे लोक कसे तयार होतील? नाही झाले तर बाईंचे काय, माझे काय, विचारायची हिंमत झाली नाही.
भाऊ मंडळासोबत समाजमंदिरात गेलेत. मी गाडीत. आतले आवाज वाढलेत. आता थांबले.
एक म्हातारे खिडकीशी आले. "तूच का तो कम्पुटरवाला? चाल, आत बलावून राह्यले."
लॅपटॉप नेऊ की इथेच ठेवू, तेवढेही ठरत नाही.