कण्हेरीचं तिसरं पान

मंगळवार, ४ मार्च

टोकयंत्र आज तुरुंगाच्या फाटकावरच ठेवून घेतलं. त्यात पातं असतं म्हणे. बरोबरच आहे, असतंच. म्हणजे आत कुणाची पेन्सिल मोडली की तिचा तास संपला. पुढच्या वेळी सगळ्या घरूनच तासून न्यायच्या, जास्तीच्या धरून. ह्यांना कामाला लावलं. निम्म्या तासून दिल्या, वर टोमणा – "घरची कुंडी वाळली तरी चालेल, पण तुरुंगातल्या बायकांना फुलं काढता आली पाहिजेत." कुंडीला पाणी ह्यांनीच घातलं होतं. 

वर्ग शिवणखोलीत भरतो. लांब टेबल, उंचावर जाळीची खिडकी, दाराशी किल्लीबाई. पहाऱ्यावरच्या ह्या बाईंचं खरं नाव विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहरा कायम कडू औषध घेतल्यासारखा.

आयुष्यभर मी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांसाठी पानंफुलं काढली. हातात कला आहे म्हणतात लोक. कला कसली, बघायची सवय आहे. तीच शिकवायची आहे. पण सवय मोडणं हे शिकवण्यापेक्षा अवघड! शिंपीणबाईंचंच बघा. बाहेर शिवणकाम करायच्या, बोटांना अजून घट्टे आहेत. मी बिगोनियाचं पान दिलं, मुद्दाम – त्याची एक बाजू मोठी, एक लहान. त्यांनी दोन्ही सारख्या काढल्या.

"एक बाजू मोठी आहे. दिसतेय?"

"दिसतेय."

"मग सारख्या का काढल्यात?"

"बाई, दोन बाह्या सारख्या नसल्या तर गिऱ्हाईक परत येतं."

सगळ्या हसल्या. किल्लीबाईंनी भिंतीकडे तोंड करून खोकल्यासारखं केलं.

"हे गिऱ्हाईक नाही येणार परत. आधी नुसतं बघा. हात नंतर उचला."

कागद उलटून त्यांनी पुन्हा काढलं. पुन्हा सारख्याच बाजू. बाई चिवट आहे. मीही आहे.

मंगळवार, ११ मार्च

जास्वंद न्यायची होती. सकाळी बघते तर कळ्या गळलेल्या. उशीर झालेला, म्हणून कुंपणाच्या कण्हेरीची फांदी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि निघाले.

वर्ग फार चांगला झाला. "कण्हेरीला एका पेरावर तीन पानं. वर तीन, खाली तीन, त्याखाली तीन. हे कळलं की निम्मं चित्र झालं." सगळ्या तीन, तीन, तीन म्हणत काढत होत्या. एकीच्या बोटांना चीक लागला. म्हटलं, "धुऊन या, डोळ्याला हात लावू नका. विषारी झाड आहे."

शिंपीणबाईंचं पान अर्ध्यावर आलं आणि वेळ संपली. एरवी किती कुरकुरतात! आज मुकाट्याने पेन्सिल परत दिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

फांदी पाण्यात ठेवायला काढली. वरून दुसऱ्या पेरावर दोनच पानं. तिसऱ्याच्या जागी ताजी खूण, चीक नुकता सुकलेला. पिशवी उलटी केली, फडकं झटकलं. कुठेच नाही.

हे म्हणाले, "वाटेत गळलं असेल."

"कण्हेरीचं हिरवं पान असं गळत नाही. कुणीतरी खुडलंय."

"मग?"

"मग फोन करायचा."

"वर्ग बंद होईल तुझा."

"होऊ दे."

कागद-पेन्सिल मोजून आत नेणारी मी! आणि फांदी नेली ती अशी. रोज कुंपणाला बघून बघून ते झाड म्हणजे मला घरातलंच वाटायला लागलंय.

फोन लावला. अधीक्षकबाईंनी एवढंच विचारलं, "कोणतं झाड?" सांगितलं. त्यांनी लगेच फोन ठेवला.

बुधवार, १२ मार्च

पान सापडलं. शिंपीणबाईंकडे. सगळ्या बराकीची झडती झाली, अंथरुणं उलटीपालटी झाली, आणि त्या आपल्या कोपऱ्यात पान हातात घेऊन बसलेल्या. लपवलंही नव्हतं. विचारल्यावर म्हणाल्या, "चित्र अर्धं राहिलं होतं. पुरं करायचं होतं."

वर्ग बंद. त्यांची भेट तीन महिने बंद. आणि ह्याच रविवारी त्यांची मुलगी येणार होती, सहा महिन्यांनी!

एका अर्ध्या चित्रापायी. माझ्यापायी.

मंगळवार, १८ मार्च

वर्गाच्या वेळेलाच गेले. अधीक्षकबाईंनी बसायला सांगितलं, पण पंखा लावला नाही.

"तुम्ही विष आत आणलंत."

"आणलं. चूक माझी. शिक्षा मला करा, त्यांना नको."

"तुम्हाला शिक्षा करायला तुम्ही माझ्याकडे कैदी नाही."

"मुलीची भेट तरी होऊ द्या, मॅडम. त्या बाईला चित्र पुरं करायचं होतं, एवढंच. मी शिकवलंय त्यांना. चिवट आहेत."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "बाई, तुम्ही पानं बघता. मी माणसं बघते. इथे कुणी चित्रासाठी पान चोरत नाही."

"माझ्या वर्गात चोरतात."

दाराकडे बोट दाखवलं त्यांनी. उठले. पण घरी गेले नाही. फाटकाबाहेर भिंतीला लागून एक बाक आहे, त्यावर वर्गाची वेळ संपेपर्यंत बसून राहिले. भिंतीच्या फटीतून एक रानटी रोप आलंय, बोटभर. ते वहीत काढलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा जाणार. वर्ग बंद झालाय. माझा मंगळवार नाही.

शुक्रवार, २१ मार्च

जेवताना हे म्हणाले, "आणि ती अधीक्षक बरोबर असेल तर?"

 भांडी जरा जोरात घासली गेली.

मंगळवार, २५ मार्च

बाकावर बसले होते. किल्लीबाई पाळी संपवून बाहेर आल्या. पुढे गेल्या, मग मागे फिरल्या आणि शेजारी बसल्या. बसल्यावर कळलं, किल्ल्यांशिवाय ही बाई केवढीशी आहे.

"बायका तुमच्यावर चिडल्यात. चुगली केली म्हणतात."

"केलीच."

"झडतीत कुणाचे फोटो फाटले, कुणाचं काय. तोंडं बघण्यासारखी झाली होती." पदराने मान पुसली. "एक शिंपीण तेवढी तुमच्या बाजूची. म्हणाली, बाईंनी फोन केला ते बरं केलं."

"त्या असं म्हणाल्या? शिक्षा तर त्यांनाच झाली."

"म्हणाली खरं. का ते मला विचारू नका. मी कुलपं लावते, मनं उघडत नाही."

 केवढं मोठं मन त्या बाईचं! आता तर मागे हटायचंच नाही.

मंगळवार, १ एप्रिल

ऊन कडक. हे आपणहून बरोबर आले, बाकावर पेपर वाचत बसले. "म्हातारपणी नवरा-बायको तुरुंगाबाहेर बसलोय," म्हणाले, "कुणी ओळखीचं भेटलं तर तूच बोल." फटीतल्या रोपाला कळी धरली आहे. ती काढली. आत निरोप पाठवला – मी आले आहे. उत्तर नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

आज बाकावर टेकते न टेकते तोच किल्लीबाई फाटकात. "चला. बोलावलंय."

वाटलं, हाकलायलाच बोलावलं असेल. अधीक्षकबाई वरच्या सज्जात उभ्या होत्या. बोलल्या नाहीत, नुसतं खाली बोट दाखवलं.

खाली कपडे धुवायचा मोठा दगडी ओटा. त्याभोवती आमच्या वर्गातल्या सगळ्या. शिंपीणबाई बादलीत बोट बुडवून ओट्यावर पान काढत होत्या. पाण्याने. उन्हाने एक बाजू वाळून जायची, की पुन्हा बोट बुडवायच्या. "आधी बघ. हात नंतर," कुणालातरी दटावत होत्या. दटावणं हुबेहूब माझं. मला हसू येईना की रडू येईना.

"रोज चाललंय हे," अधीक्षकबाई म्हणाल्या. "कागद घेतले, पेन्सिली घेतल्या. पाणी कसं काढून घेऊ?"

मी कठड्यावरून आणखी वाकून बघितलं. 

"बाहेरून पान नाही, फूल नाही, काडी नाही. आत उगवेल तेवढंच काढायचं. एकदा जरी मोडलंत –"

"नाही मोडणार. आणि भेट?"

खाली बघतच म्हणाल्या, "ह्या रविवारी येऊ दे मुलीला."

 वर्ग मिळाला! घरी येऊन पेन्सिली तासायला बसलो, दोघंही.

मंगळवार, १५ एप्रिल

आत काय काय उगवतं? नळाखाली शेवाळ. मुदपाकखान्यात कोंब आलेले बटाटे. टाकीच्या सावलीत दोन-तीन प्रकारचं गवत. पुष्कळ आहे. माझ्या गुरुजींनी मला एका कांद्यावर अख्खा पावसाळा बसवलं होतं.

खोलीत गेले तर कुणी मान वर केली नाही. शेवटी एक जाडजूड बाई, जिला सगळ्या पहिलवान म्हणतात, म्हणाली, "बाई, आज बटाटे मोजून घेतलेत ना? नाहीतर संध्याकाळी पुन्हा फोन."

कुणी हसलं नाही. म्हटलं, आता बोलून टाकावं.

"फोन मीच केला. तुमची अंथरुणं उलटली, फोटो फाटले, त्याचं मला वाईट वाटतं. फांदी आणली ती चूक. पण पान नाही दिसलं तर उद्याही फोन करीन. राग धरायचा असेल तर धरा. चित्रं काढता काढता धरा."

 मग पहिलवानने टोपलीतला सगळ्यात मोठा बटाटा उचलून स्वतःपुढे ठेवला. "कोंब किती वाकडा आहे मेला," म्हणाली. काढायला लागली.

शिंपीणबाई रविवारच्या भेटीबद्दल काही बोलल्या नाहीत. पण शेवाळ काढलं ते असं, की मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

मंगळवार, २२ एप्रिल

आज परवानगी काढून रंग-ब्रश नेले होते. वर्ग सुटला. बाकीच्या रांगेत गेल्या. शिंपीणबाई माझ्याबरोबर नळावर ब्रश धूत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी भांडलात, म्हणून सांगते. ते पान मी चित्रासाठी नव्हतं घेतलं."

मी नळ बंद केला नाही.

"विषारी म्हणालात, तेव्हाच ठरवलं होतं. बराकीत गेले, खायला म्हणून बाहेर काढलं. म्हटलं, एकदा नीट बघावं. मधली शीर सरळ वाटते बाई, पण नाहीये. बारक्या शिरा तर बघाव्या तेवढ्या निघतात. बघतच बसले. तेवढ्यात झडती आली."

 त्यांच्या ओल्या हातावर हात ठेवला, आणि म्हटलं, हे अधीक्षकबाईंना आणि डॉक्टरांना सांगायला हवं, मी बरोबर येते.

"या," म्हणाल्या. ब्रश झटकून, टोकाला नीट आकार देऊन माझ्या हातात दिला. "ते चित्र अर्धंच राहू दे. टाकीमागे काहीतरी नवीन उगवलंय. पुढच्या मंगळवारी ते काढायला घेते."